पुस्तके बांधणारा मायकेल

थंडीच्या दिवसांत रात्री अंधारात लोकरी स्वेटर काढताना चटचट असा बारीक आवाज येतो. कधी कधी इवल्याशा ठिणग्याही दिसतात. कोरड्या केसांवरून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे उडून कंगव्याला चिकटतात. मृग नक्षत्रात आभाळ भरून येते आणि आपल्या वालूरच्या शिवारावर वीज कडाडते. संध्याकाळी घरात बटण दाबले, की दिवा लागतो.

मुलांनो, कंगव्यातली वीज, आभाळातली वीज आणि तारेतून येणारी वीज या तीन वेगवेगळ्या विजा आहेत, की एकच? आज हा प्रश्न सोपा वाटतो. पण दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांचेही याबाबतीत एकमत नव्हते. प्रयोगांच्या आधारे या प्रश्नाचे पक्के उत्तर देणारा माणूस एका लोहाराचा मुलगा होता. तो शाळेत फार थोडे शिकला होता. पुस्तकांना पुठ्ठे चढवणे हा त्याचा धंदा होता. त्याचे नाव मायकेल फॅरेडे.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स या ठिकाणी झाला. त्याचे वडील जेम्स लोहारकाम करीत. त्यांची तब्येत नेहमी बिघडलेली असे. त्यामुळे काम कमी आणि पैसाही कमी. 1801 साली धान्य फार महाग झाले. तेव्हा मायकेलला आठवड्याला एक पाव मिळत असे आणि तोच त्याला सात दिवस पुरवावा लागे. लिहिणे, वाचणे आणि थोडी आकडेमोड, एवढेच त्याचे शालेय शिक्षण झाले. पुढे आयुष्यभर त्याचे गणित कच्चेच राहिले.

तेराव्या वर्षी मायकेल एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात काम करू लागला. दुकानाच्या मालकाचे नाव जॉर्ज रिबो होते. सुरुवातीला मायकेल घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवी. 1805 साली रिबोने त्याला सात वर्षांसाठी शिकाऊ कामगार म्हणून ठेवून घेतले. काम होते पुस्तकबांधणीचे. ज्याला आपण उर्दूत जिल्दसाज म्हणतो, त्याचा तो शागीर्द झाला. छापलेली पाने नीट लावायची, ती शिवायची, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि वजनाखाली दाबून ठेवायची, असे ते काम होते.

दुकानात इतर मुलेही काम करीत. पण मायकेलला एक वेगळी सवय लागली. जे पुस्तक बांधायला येई, ते तो वाचून काढी. मालक मनाने चांगला होता. काम संपल्यावर वाचायला त्याची हरकत नसे. एकदा एका ज्ञानकोशाचा खंड बांधणीसाठी आला. त्यात विजेविषयी एक मोठा लेख होता. तो लेख मायकेलने पुन्हा पुन्हा वाचला. जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्राचे एक सोपे पुस्तकही त्याच्या हाती आले. मात्र पुस्तकात लिहिले आहे म्हणून ते खरे मानायचे, हे त्याला पटत नव्हते. खाऊच्या पैशांतून तो बाटल्या आणि किरकोळ सामान विकत आणी आणि वाचलेले स्वतः करून पाही. जुन्या बाटलीपासून त्याने घर्षणाने वीज निर्माण करणारे एक छोटे यंत्रही तयार केले.

घर्षणाने वीज कशी निर्माण होते, ते आता पाहू. ही गोष्ट फार जुनी आहे. अंबर नावाचा एक पिवळसर पदार्थ असतो. मराठीत अंबर म्हणजे आकाश असाही अर्थ आहे आणि उर्दूत अंबर हे एका सुगंधी पदार्थाचे नाव आहे. पण हा अंबर वेगळा. झाडाचा चीक लाखो वर्षे जमिनीत राहून दगडासारखा घट्ट होतो, तो हा अंबर. लोकरीवर घासला, की तो गवताच्या वाळलेल्या काड्या ओढून घेतो. ग्रीक लोकांना हे प्राचीन काळापासून माहीत होते. ते अंबरला इलेक्ट्रॉन म्हणत. त्यावरून इलेक्ट्रिसिटी हा इंग्रजी शब्द आला. आपल्या उर्दूत याच अंबरला कहरुबा म्हणतात. हा मूळ फारसी शब्द आहे. गवताची काडी पळवणारा, असा त्याचा अर्थ. आणि गंमत अशी, की याच शब्दापासून अरबी भाषेत विजेचे नाव कहरबा असे पडले.

आज आपल्याला यामागचे कारण माहीत आहे. प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो. अणूच्या मध्यभागी धन प्रभार असतो आणि त्याच्याभोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही प्रभार सारखे असल्यामुळे एरवी आपल्याला काहीच जाणवत नाही. कंगवा केसांवर घासला, की केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर येतात. कंगवा ऋण प्रभारित होतो आणि केस धन प्रभारित होतात. घासण्यामुळे प्रभार नव्याने तयार होत नाही, तो फक्त एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जातो. सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात. विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात. कंगव्यावरचा हा प्रभार जागच्या जागी राहतो. म्हणून त्याला स्थिर विद्युत म्हणतात.

मायकेलच्या लहानपणी मात्र विजेचा एक नवा प्रकार सर्वांच्या तोंडी होता. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने 1800 साली एक नवे साधन जगासमोर मांडले. त्याने जस्ताची आणि चांदीची चकती एकावर एक ठेवली. त्यांच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला. पुन्हा जस्त, चांदी, पुठ्ठा, अशी चळतच रचली. चळतीच्या दोन्ही टोकांना तार जोडली, तेव्हा तारेतून वीज वाहू लागली. घर्षणाची वीज एका ठिणगीत संपून जाई. ही वीज मात्र सतत वाहत राही. हीच पहिली बॅटरी. वाहणाऱ्या प्रभाराला विद्युत धारा म्हणतात. उर्दूत आपण तिला बर्की रौ म्हणतो.

विद्युत धारा समजण्यासाठी पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी उंचावर असेल, तर नळाला पाणी जोराने येते. टाकी आणि नळ एकाच पातळीवर असतील, तर पाणी वाहणार नाही. विजेच्या बाबतीत या उंचीच्या फरकाला विभवांतर म्हणतात. ते व्होल्टमध्ये मोजतात. दर सेकंदाला किती प्रभार वाहतो, ती धारा. ती अँपिअरमध्ये मोजतात. नळी अरुंद असली, की पाणी अडते. तसाच तारेतून जाताना धारेला अडथळा होतो, त्याला रोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. ओहम हे जर्मनीतील एका शिक्षकाचे नाव आहे. विभवांतराला रोधाने भागले, की धारा मिळते, हा नियम त्यांनी 1827 साली प्रसिद्ध केला. टॉर्चमध्ये दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक घातले, की विभवांतर 3 व्होल्ट होते. दिव्याचा रोध 15 ओहम असेल, तर धारा 0.2 अँपिअर वाहील. पण एक अट आहे. सेलपासून निघून दिव्यातून परत सेलपर्यंत येण्याचा मार्ग पूर्ण असला पाहिजे. बटण बंद केले, म्हणजे आपण तो मार्ग तोडतो आणि दिवा विझतो.

तरुण मायकेलने अशी बॅटरी स्वतः तयार केली. त्याच्याजवळ चांदी कुठली! त्याने अर्ध्या पेनीची तांब्याची सात नाणी घेतली. तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या कापल्या. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद ठेवले. एवढ्याशा बॅटरीने त्याने एका क्षाराच्या द्रावणाचे विघटन करून दाखवले.

त्या काळी लंडनमध्ये टेटम नावाचे एक गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्याने देत. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग होती. मायकेलजवळ तेवढे पैसे नसत. त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट लोहारकाम करून चार पैसे मिळवी. धाकट्या भावाची फी त्याने आनंदाने भरली. 1810 साली वडील वारले. घराची ओढाताण वाढली. तरीही मायकेलची व्याख्याने आणि टिपणे चालूच राहिली.

1812 साली त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. दुकानात येणाऱ्या एका ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील चार व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हंफ्री डेव्ही. त्या वेळचे ते इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ होते. मायकेलने प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला. घरी येऊन टिपणे स्वच्छ अक्षरात लिहून काढली आणि आकृत्याही काढल्या. मग त्या सगळ्या पानांची त्याने सुबक जिल्द बांधली. पोटासाठी शिकलेला हुन्नर इथे कामाला आला.

विज्ञानाच्या कामात कोणतीही नोकरी मिळावी, म्हणून त्याने आधी एका मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिले होते. त्या पत्राचे उत्तरच आले नाही. पण मायकेल निराश झाला नाही. त्याने आपले ते हस्तलिखित पुस्तक डेव्हींकडे पाठवले. डेव्हींनी त्याला भेटायला बोलावले. मात्र त्या वेळी जागा रिकामी नव्हती. काही महिन्यांनी प्रयोगशाळेतील एका नोकराला भांडणामुळे काढून टाकण्यात आले. मार्च 1813 मध्ये त्या जागेवर मायकेलची नेमणूक झाली. आठवड्याला 25 शिलिंग पगार आणि राहायला माडीवरच्या दोन खोल्या. पुढे आयुष्यातील बहुतेक काळ तो याच इमारतीत राहिला.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासाला निघाले. त्यांनी मायकेलला बरोबर नेले. दीड वर्षाच्या या प्रवासात त्याला मोठमोठे शास्त्रज्ञ पाहायला मिळाले. इटलीत वृद्ध व्होल्टांचीही भेट झाली. पण प्रवासात त्याला नोकराचीही कामे करावी लागली. डेव्हींच्या पत्नी त्याला नोकरासारखेच वागवीत. कधी कधी सगळे सोडून परत जावे, असे त्याला वाटे. पण शिकण्याची अशी संधी पुन्हा मिळणार नाही, हे तो जाणून होता. त्याने अपमान गिळला आणि शिकत राहिला.

परत आल्यावर मायकेलची प्रगती झपाट्याने झाली. आता तो कुणाचा हरकाम्या राहिला नव्हता. लोक त्याला फॅरेडे या नावाने ओळखू लागले. आपणही आता त्यांना आदराने फॅरेडेच म्हणू. 1821 साली त्यांचा विवाह सारा बर्नार्ड यांच्याशी झाला. त्याच वर्षी त्यांनी आपला पहिला मोठा शोध लावला.

1820 साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. तारेतून विद्युत धारा गेली, की जवळची चुंबकसूची हलते. म्हणजे वीज आणि चुंबक यांचे काहीतरी नाते आहे. फॅरेडेंनी सप्टेंबर 1821 मध्ये एका भांड्यात पारा घेतला. त्यात एक चुंबक उभा केला. वरून एक तार अशी लोंबत सोडली, की तिचे खालचे टोक पाऱ्यात बुडेल. तारेतून धारा सोडताच ती तार चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. विद्युत धारा आणि चुंबक यांच्या जोरावर वस्तू सतत फिरण्याची ही पहिलीच वेळ. आज विहिरीवर पाणी उपसणारी मोटर, पिठाच्या गिरणीची मोटर आणि घरातला पंखा ही सगळी त्या लहानशा तारेची वंशावळ आहे.

पण या यशाबरोबर मोठे दुःखही आले. वुलस्टन नावाचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ अशाच एका कल्पनेवर विचार करीत होते. फॅरेडेंनी आपला निबंध घाईने छापला आणि त्यात वुलस्टन यांचा उल्लेख करायचा राहून गेला. लगेच कुजबुज सुरू झाली. या बांधणीवाल्या पोराने दुसऱ्याची कल्पना चोरली, असे लोक बोलू लागले. फॅरेडेंचा प्रयोग वुलस्टन यांच्या कल्पनेहून वेगळा होता. तरी डाग लागला तो लागलाच. फॅरेडे स्वतः वुलस्टन यांना जाऊन भेटले आणि आपली बाजू त्यांच्यापुढे मांडली. वुलस्टन यांनी ती समजून घेतली. पण डेव्हींचे मन मात्र बदलले होते. रॉयल सोसायटी या मोठ्या संस्थेचे सदस्य म्हणून फॅरेडेंचे नाव सुचवले गेले, तेव्हा त्या संस्थेचे अध्यक्ष डेव्हीच होते. त्यांनी विरोध केला. ज्या गुरूने हात धरून वर आणले, तोच आता वाट अडवून उभा होता. तरीही जानेवारी 1824 मध्ये फॅरेडे निवडून आले. त्यांच्या विरुद्ध फक्त एक मत पडले. या सगळ्या प्रकारानंतरही फॅरेडे डेव्हींविषयी कधी अनादराने बोलले नाहीत. मात्र त्यांनी एक धडा घेतला. प्रत्येक प्रयोग तारीख घालून वहीत लिहायचा आणि दुसऱ्याचे श्रेय त्याला द्यायला विसरायचे नाही.

आता फॅरेडेंच्या मनात एकच प्रश्न घोळू लागला. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? अनेक वर्षे त्यांनी अधूनमधून प्रयोग केले. प्रत्येक वेळी अपयश आले. अखेर 29 ऑगस्ट 1831 रोजी त्यांनी लोखंडाचे एक जाड कडे घेतले. ते सुमारे 15 सेंटिमीटर व्यासाचे होते. कड्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे दिले. दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे वेढे दिले. दोन्ही तारांवर सूत आणि कापड गुंडाळलेले असल्यामुळे त्या एकमेकींना कुठेही चिकटत नव्हत्या. पहिली तार बॅटरीला जोडली. दुसऱ्या तारेजवळ चुंबकसूची ठेवली.

बॅटरी जोडताच सूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी तोडताच ती परत हलली, पण उलट दिशेने. मध्यल्या वेळात धारा वाहत असूनही सूची शांत होती! दुसरा कोणी असता, तर त्याने ही चूक समजून सोडून दिली असती. फॅरेडेंनी मात्र यातले मर्म ओळखले. नुसते चुंबकत्व असून उपयोग नाही. ते बदलले पाहिजे. बदलत्या चुंबकत्वापासून वीज मिळते.

17 ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ गुंडाळीत एक लांब चुंबक झटकन आत घातला. गुंडाळीत वीज आली. चुंबक बाहेर काढला, तर उलट दिशेने वीज आली. चुंबक स्थिर ठेवला, तर काहीच नाही. त्याच महिन्याच्या 28 तारखेला त्यांनी मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली आणि सतत वाहणारी धारा मिळवली. हे जगातील पहिले जनित्र. या शोधाला विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

गावाबाहेर खांबांवर बसवलेली डीपी तुम्ही रोज पाहता. तिच्या आत लोखंडाच्या गाभ्यावर तारेच्या दोन प्रकारच्या गुंडाळ्या असतात. फॅरेडेंच्या कड्यावरही तेच होते. आपल्या जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. तिथल्या वीजकेंद्रात पडते पाणी चाके फिरवते आणि जनित्रातून वीज निघते. परळीच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेने चाके फिरवतात. पवनचक्कीत हेच काम वारा करतो. सौर पॅनेलची रीत तेवढी वेगळी आहे. बाकी सगळीकडे तत्त्व एकच. चुंबक आणि तारेची गुंडाळी यांपैकी एकाला फिरवत ठेवायचे.

आता आपण पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. वीज एक की अनेक? घर्षणाची, बॅटरीची, चुंबकाची, काही माशांच्या अंगातली, अशा विजा वेगवेगळ्या आहेत, असे अनेक जण समजत होते. फॅरेडेंनी त्यांची एकेक करून परीक्षा घेतली. बॅटरीची वीज सूची हलवते, द्रावणाचे विघटन करते, ठिणगी पाडते आणि तार तापवते. मग घर्षणाची वीजही हे सर्व करते का? तिची ठिणगी क्षणात संपते. सूची हलायला वेळच मिळत नाही. फॅरेडेंनी एक साधी युक्ती केली. काचेच्या बरण्यांत साठवलेली घर्षणाची वीज त्यांनी ओल्या दोरीतून सावकाश जाऊ दिली. आता सूची हलली! या विजेने द्रावणाचेही विघटन झाले. 1833 साली त्यांनी जाहीर केले, की उगम कोणताही असो, वीज एकच आहे.

मग फरक कशात आहे? तोही त्यांनी मोजला. जस्ताची एक आणि प्लॅटिनमची एक अशा दोन बारीक तारा त्यांनी किंचित आम्ल मिसळलेल्या पाण्यात बुडवल्या. त्यांच्यापासून सुमारे तीन सेकंदांत जेवढी वीज मिळाली, तेवढी मिळवायला घर्षणाच्या मोठ्या यंत्राचे तीस फेरे द्यावे लागले. घर्षणाच्या विजेत विभवांतर फार मोठे असते, पण प्रभार अगदी थोडा असतो. म्हणून स्वेटरची ठिणगी हजारो व्होल्टची असूनही आपल्याला फक्त टोचते. घरातील तारेत 230 व्होल्टच असतात, पण तिथे मागून धारा सतत येत राहते आणि ती जीव घेते. मुलांनो, घरातील विजेशी कधीही खेळू नका. प्रयोग करायचा, तर टॉर्चच्या सेलवरच करा.

द्रावणातून वीज नेण्याचे नियमही फॅरेडेंनीच शोधले. दागिन्यांवर सोन्याचा मुलामा चढवतात, तो याच नियमांनी. ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. त्यांचा वापरही फॅरेडेंनीच सुरू केला.

1836 साली त्यांनी बारा फूट लांब, रुंद आणि उंच असा एक पिंजरा तयार केला. तो तांब्याच्या तारांनी आणि कागदाने मढवला. बाहेरून त्याला यंत्राने इतकी वीज दिली, की कोपऱ्यांतून ठिणग्या उडू लागल्या. फॅरेडे स्वतः आत जाऊन बसले. त्यांच्याजवळ अतिशय नाजूक उपकरणे होती. त्या उपकरणांवर बाहेरच्या विजेचा काहीही परिणाम झाला नाही. स्थिर विद्युत धातूच्या बाहेरच्या बाजूवरच राहते, हे यावरून सिद्ध झाले. म्हणूनच विजा पडत असताना पत्र्याच्या बंद गाडीत बसलेला माणूस सुरक्षित राहतो आणि झाडाखाली उभा राहिलेला माणूस धोक्यात असतो. शेतातून घरी येताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

फॅरेडेंना मुले फार आवडत. त्यांना स्वतःला मूल नव्हते. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने देण्याची पद्धत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 साली सुरू झाली. फॅरेडेंनी अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. एका साध्या मेणबत्तीवर त्यांनी दिलेली व्याख्याने आजही जगभर वाचली जातात. एके काळी एक शिलिंग नसल्यामुळे ज्याचे व्याख्यान चुकत होते, तो आता दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होता.

पैसा आणि मान त्यांच्याकडे चालून आला, पण त्यांनी तो घेतला नाही. सर ही पदवी त्यांनी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. ते एका लहान ख्रिस्ती पंथाचे श्रद्धाळू अनुयायी होते आणि त्यांची राहणी अगदी साधी होती. गणित येत नसल्याने आपले विचार ते आकृत्यांनी मांडत. चुंबकाभोवती लोहकीस पसरला, की रेषा दिसतात. तशा रेषांनी चुंबकाभोवतीची सगळी जागा भरलेली असते, असे त्यांनी सांगितले. पुष्कळ विद्वानांना ते पटले नाही. पुढे मॅक्सवेल या तरुण शास्त्रज्ञाने त्याच कल्पनेला गणिताचे रूप दिले. रेडिओ, टीव्ही आणि मोबाईल यांच्या लहरींचे मूळ तिथे आहे.

अतिश्रमाने फॅरेडेंची प्रकृती बिघडली. त्यांची स्मरणशक्ती हळूहळू कमी होऊ लागली. कालच केलेला प्रयोग आज आठवत नसे. अशा वेळी त्यांच्या वह्याच त्यांच्या आधाराला आल्या. तारीख घालून, क्रमांक देऊन लिहिलेला एकेक प्रयोग त्यांत होता. 1858 साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर साऊथ फोरलंड येथील दीपगृहात जनित्रावर चालणारा विजेचा दिवा लागला. दीपगृहांचे सल्लागार या नात्याने फॅरेडेंनी तो स्वतः तपासला. सत्तावीस वर्षांपूर्वी क्षणभर हललेल्या सूचीतून आता समुद्रातील जहाजांना वाट दिसू लागली होती. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीने त्यांना हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिले. तिथेच 25 ऑगस्ट 1867 रोजी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचे निधन झाले. त्यांना लंडनच्या हायगेट दफनभूमीत साधेपणाने दफन करण्यात आले. प्रभार साठवण्याची क्षमता मोजण्याच्या एककाला त्यांच्या सन्मानार्थ फॅरड हे नाव देण्यात आले.

फॅरेडेंच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, 1897 साली, इलेक्ट्रॉनचा शोध लागला. तारेतून नेमके काय वाहते, ते जगाला तेव्हा कळले. फॅरेडेंना ते कळले नव्हते. पण वीज एकच आहे, हे त्यांनी आधीच दाखवून दिले होते.

आपल्या गावात रात्री लाईट गेली, की सगळीकडे अंधार होतो. ती परत आली, की लहान मुले आनंदाने ओरडतात. त्या वेळी क्षणभर त्या मुलाची आठवण करा, जो दिवसभर दुसऱ्यांची पुस्तके बांधत होता आणि रात्री तीच पुस्तके वाचत होता.

स्वाध्याय

1. मायकेलला पुस्तकबांधणीच्या कामाचा पुढे कसा उपयोग झाला?
2. कंगवा केसांवर घासल्यावर कागदाचे कपटे ओढून घेतो. त्या वेळी केसांतून कंगव्यावर काय जाते?
3. बॅटरी जोडलेली असूनही सूची शांत राहिली. यावरून फॅरेडेंनी काय ओळखले?
4. घर्षणाची वीज ओल्या दोरीतून का सोडावी लागली?
5. फॅरेडेंवर चोरीचा आळ आला. त्यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? आठ ते दहा वाक्यांत लिहा.
6. तुमच्या घरी किंवा शेतात मोटरवर चालणाऱ्या वस्तूंची यादी करा.